श्रोत्यांचे घर कोणाच्या मालकीचे?

आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १९८८ साली सुरू झाली तेव्हा तिचा मुख्य आधार नागपूरचा एक हजार किलोवॅट क्षमतेचा प्रक्षेपक होता. देशाच्या मध्यभागी असलेल्या या नगरातून रात्रभर लहरी निघत आणि फार मोठ्या भूप्रदेशावर पसरत. संध्याकाळी सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारी ही वाहिनी मुख्यतः जागणाऱ्यांची होती. मालमोटारींचे चालक, रात्रपाळीचे कामगार, चौकीदार, रुग्णालयात आप्ताच्या उशाशी बसलेले लोक आणि परीक्षेचा अभ्यास करणारी मुले ही तिची बिरादरी. प्रसार भारतीने २०१८ च्या डिसेंबरात ही वाहिनी बंद करण्याचा निर्णय घेतला आणि २०१९ च्या जानेवारीत ती बातमी जाहीर झाली. खर्चाची काटकसर हे कारण सांगण्यात आले. त्याच निर्णयाने पाच शहरांतील प्रादेशिक प्रशिक्षण संस्थाही बंद झाल्या.

आपल्यासारख्या पक्षांच्या कार्यक्रमपत्रिकेवर असे विषय सहसा येत नाहीत. गिरणी बंद पडली की आपण सभा घेतो, शिधावाटप थांबले की मोर्चा काढतो. नभोवाणीवरचा गाण्यांचा एक कार्यक्रम बंद पडला तर त्यात समाजवादी कार्यकर्त्याने लक्ष घालण्यासारखे काय आहे, असे कोणालाही वाटेल. पण नभोवाणीच्या श्रोत्यांचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास नीट पाहिला तर या प्रश्नात आपल्या विचाराच्या गाभ्याशी भिडणारे काही तरी आहे, हे ध्यानात येईल. या श्रोत्यांनी आपसात एक समाज उभा केला होता. त्या समाजाला एकदा घराबाहेर काढण्यात आले. त्याने परमुलखात नवे घर शोधले, मग तो पुन्हा आपल्या घरी परतला. आता ते घरही हळूहळू त्याच्या हातून निसटत आहे. या प्रत्येक स्थलांतराच्या वेळी निर्णय घेणारे दुसरेच होते.

नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. नागपूर तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडाची राजधानी होती, आणि पुढे १९५६ पर्यंत जुन्या मध्यप्रदेशाची. रेडिओ-संच बाळगायचा तर टपाल कचेरीतून दर वर्षी परवाना घ्यावा लागे. साहजिकच संच थोड्या घरांत, पण ऐकणारे पुष्कळ, अशी स्थिती होती. शेजाऱ्याची ओसरी, उपाहारगृहातील बाकडे, पानठेल्यासमोरचा फुटपाथ ही सार्वजनिक श्रवणाची स्थाने झाली. ऐकणे ही त्या काळी खासगी गोष्ट नव्हती. ती चारचौघांत बसून करण्याची गोष्ट होती.

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाले. हे मराठी गृहस्थ विद्वान होते, शास्त्रीय संगीताचे मर्मज्ञ होते, आणि त्यांच्या हेतूंविषयी शंका घेण्याचे कारण नाही. संस्थाने विलीन झाल्यानंतर निराधार झालेल्या गायक-वादकांना आकाशवाणीने आश्रय दिला, संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, राजवाड्यातला ख्याल सामान्य माणसाच्या कानापर्यंत नेला. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु जनतेची अभिरुची आपण वरून घडवू, ही त्यांची धारणा होती. चित्रपटगीतांचा वेळ कमी करण्यात आला, गाण्यांची छाननी सुरू झाली, गीताबरोबर चित्रपटाचे नाव सांगायचे नाही असे ठरले. निर्मात्यांनी करार मोडला आणि हिंदी चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली.

तेव्हा श्रोत्यांनी काय केले? सभा घेतल्या नाहीत, निवेदने दिली नाहीत. त्यांनी काटा फिरवला. दुसऱ्या महायुद्धात दक्षिणपूर्व आशियातील दोस्त सैन्यासाठी कोलंबोजवळ एक शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक उभारण्यात आला होता. युद्धानंतर तो सिलोन सरकारकडे आला. शासनाने नाकारलेली गाणी तेथून वाजू लागली. ३ डिसेंबर १९५२ रोजी अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, विमानाने कोलंबोला जायचा, आणि तेथून लहरींवर स्वार होऊन नागपूरच्या पानठेल्यावर उतरायचा. आपल्याच देशात तयार झालेले गाणे आपल्याच देशातील माणसाला ऐकवण्यासाठी समुद्र ओलांडावा लागावा, ही त्या धोरणाची खरी समीक्षा होय.

पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली, आणि पुढे ही संख्या आठवड्याला ६५ हजारांपर्यंत गेली, असे सयानी सांगत. आरंभी त्या कार्यक्रमात शंभर रुपयांचे बक्षीस होते, हे खरे. पण बक्षीस एकाला मिळते. बाकीचे हजारो लोक पुढच्या आठवड्यात पुन्हा कार्ड का टाकतात? याचे उत्तर त्या पत्रांच्या स्वरूपातच आहे. पत्र लिहिणाऱ्याला गाणे तर हवेच असे. पण निवेदकाच्या तोंडून आपले नाव, आपल्या गावाचे नाव, आणि आपल्याबरोबर त्याच गाण्याची फर्माईश करणाऱ्या अनोळखी माणसांची नावे ऐकण्याचीही त्याला ओढ असे. अभ्रकाच्या खाणींमुळे थोडेसे ठाऊक असलेले झुमरी तलैया हे तेव्हाच्या बिहारातील गाव केवळ या फर्माइशींमुळे साऱ्या भारताला परिचित झाले. आपल्या हावडा मार्गावर रायपूर आणि बिलासपूर यांच्या मध्ये भाटापारा आहे. १९५६ पूर्वी त्याचा कारभार नागपुरातूनच चाले. हे गावही तसेच प्रसिद्धी पावले. ज्या गावांकडे मंत्री कधी फिरकत नव्हते, त्यांची नावे दर आठवड्याला घराघरांत उच्चारली जात होती.

या पत्रलेखकांनी मग श्रोता संघ स्थापन केले. त्यांचे स्वतःचे शिक्के होते, पदाधिकारी होते, वर्गणी होती. एकमेकांचे पत्ते मिळवून ते परस्परांना पत्रे लिहीत, लग्नकार्याला जात. गीतमालेतील गाण्यांचा क्रम ठरवताना केवळ तबकड्यांच्या विक्रीकडे पाहण्यात येत नसे, या श्रोता संघांचा कौलही विचारात घेतला जाई. म्हणजे दुकानदाराच्या हिशेबाबरोबर एका लोकसंघटनेचे मतही मोजले जात होते, ही नोंद आपण अवश्य घ्यावी.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. हा सारा खटाटोप दंतमंजनाच्या विक्रीसाठी चालला होता; भांडवलाने लोकांच्या करमणुकीच्या भुकेचा वापर केला, एवढेच. हे नाकारण्याचे कारण नाही. कंपनीने घर दिले ते माल खपवण्यासाठी. परंतु घरमालकाचा हेतू आणि घरात राहणाऱ्यांनी तेथे उभारलेले सहजीवन या दोन गोष्टी एक नव्हेत. गिरणीच्या चाळी मालकांनी आपल्या सोयीसाठी बांधल्या. त्या चाळींत कामगारांनी व्यायामशाळा, भजनी मंडळे आणि संघटना उभ्या केल्या. श्रोत्यांनी दंतमंजनाच्या जाहिरातीच्या आडोशाला हेच केले.

शिवाय त्या यादीत कोणाची नावे शेजारी शेजारी येत, हेही पाहावे. एका गाण्यासाठी जी दहा-पंधरा नावे वाचली जात, त्यांत हिंदू असत, मुसलमान असत, ख्रिस्ती असत; पुढारलेल्या जातींतले असत आणि गावकुसाबाहेरचेही असत; बहिणी भावांच्या बरोबरीने असत. ज्या गावात या माणसांना एका पंगतीत बसता येत नव्हते, तेथे ती एका यादीत बसत. सयानी यांची मायबोली गुजराती. त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी या गांधीजींच्या प्रेरणेने ‘रहबर’ हे पाक्षिक देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत नवसाक्षरांसाठी चालवीत असत. मुलाची सोपी हिंदुस्तानी त्याच शाळेत घडली. फाळणीच्या जखमा ओल्या असताना ती भाषा लक्षावधी घरांत आपुलकीने ऐकली जात होती. फर्माईशीच्या यादीने जातिभेद मोडला, असा दावा मी करणार नाही. पण समतेची सवय लागण्यासाठी समाजात काही लहान जागा लागतात, आणि ही त्यांपैकी एक होती.

श्रोत्यांचा ओघ सिलोनकडे वळलेला पाहून शासन जागे झाले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, पंडित नरेंद्र शर्मा तिचे शिल्पकार. गेलेले श्रोते परत आले, कारण येथे त्यांना हवी ती गाणी मिळाली, आणि त्यांच्या पत्रांना उत्तरही मिळाले. सैनिकांच्या फर्माइशींसाठी ‘जयमाला’ आली. पत्रांना उत्तरे देणारा ‘पत्रावली’सारखा कार्यक्रम आला. लोकांना आपलेसे करायला बंदी लागत नाही, कल्पकता लागते, हे त्याआधीच १९५५ साली पुणे केंद्राने दाखवून दिले होते. त्या वर्षीच्या १ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि त्याच्या ५६ गीतांनी वर्षभर महाराष्ट्राला संचाभोवती बसवले. केसकरांच्याच कारकिर्दीत, त्यांच्याच खात्यात हे घडले. सार्वजनिक संस्था लोकांवर विश्वास ठेवते तेव्हा ती खासगी मालकापेक्षा काकणभर सरसच ठरते.

पुढे १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. त्यासाठी निवडलेली पहिली तीन केंद्रे मुंबई, पुणे आणि नागपूर ही होती. दंतमंजन आता सरकारी घरातही आले. खुद्द गीतमालाही १९८९ साली सिलोन सोडून विविध भारतीवर आली आणि १९९४ पर्यंत चालली. सदतीस वर्षांनी तिचा परदेशवास संपला.

पण घर सरकारी असणे आणि घर आपले असणे यांतला फरक आपल्या पिढ्यांनी चांगलाच अनुभवला आहे. आणीबाणीत आकाशवाणी सत्तेची बटीक झाली. म्हणूनच १९७७ साली जनता सरकारने वर्गीस समितीची नेमणूक केली, आणि १९७८ मध्ये त्या समितीने नभोवाणी व दूरचित्रवाणीसाठी स्वायत्त न्यासाची शिफारस केली. ते सरकार कोसळले आणि काम अडले. प्रसार भारतीचा कायदा १९९० साली झाला आणि अंमलात यायला १९९७ उजाडले. दरम्यान, ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक ऐतिहासिक निर्णय दिला. आपल्या महाराष्ट्राचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या त्या निकालपत्रात, ध्वनिलहरींचे आकाश ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठीच व्हायला हवा, हे तत्त्व प्रस्थापित झाले. ती ना सरकारची जहागीर आहे, ना भांडवलदाराची.

प्रत्यक्षात काय झाले? सरकारच्या मक्तेदारीतून सुटलेले आकाश बोलीदारांकडे गेले. २००१ पासून खासगी एफएम केंद्रे आली. त्यांना लिलावात मोजलेले पैसे वसूल करायचे असतात. त्यामुळे गाणी तीच, थट्टा तीच, शहर मात्र वेगळे, असा प्रकार सर्वत्र दिसतो. त्यांनी स्वतःच्या बातम्या देऊ नयेत, असे बंधन सरकारने घातले. म्हणजे बडबड करा, पण प्रश्न विचारू नका. सामुदायिक नभोवाणीचे धोरण २००६ साली स्वयंसेवी संस्थांसाठी खुले झाले. तेलंगणातील मेदक जिल्ह्यात दलित स्त्रियांनी २००८ साली सुरू केलेले संगम रेडिओ, किंवा आपल्या म्हसवडचे माणदेशी तरंग, ही या धोरणाची सुंदर फळे आहेत. पण तेथेही बातम्यांना मज्जाव, आणि आर्थिक ओढाताण पाचवीला पुजलेली.

आता दुसरा आक्षेप. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि फोनमध्ये जगातली सारी गाणी आहेत. मग फर्माईशीचे घर हवे कशाला? माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म येथे आहे. फोन आपल्याला हवे तेच गाणे ऐकवतो. काल जे ऐकले त्याच्यासारखेच आज पुढे करतो. फर्माईशीच्या कार्यक्रमात आपल्या आवडीचे गाणे लागायला पाऊण तास थांबावे लागे, आणि त्या पाऊण तासात दुसऱ्यांच्या आवडीची गाणी ऐकावी लागत. भाटापाऱ्याच्या कोण्या दुकानदाराला तलत आवडतो, अकोल्याच्या कोणा शिक्षिकेला शमशाद आवडते, हे कळत असे. कधी नाक मुरडत, कधी चकित होऊन आपण त्यांची आवड ऐकून घेत असू, आणि आपली पाळी आली की ते आपली ऐकून घेत. दुसऱ्याच्या आवडीला आपल्या वेळेतला वाटा देणे, हा लोकशाहीचा पहिला पाठ आहे. सभागृहात तो शिकवता येत नाही. तो अंगवळणी पडावा लागतो.

श्रोते मात्र चिवट आहेत. छत्तीसगडात श्रोता संघ अजूनही २० ऑगस्ट हा दिवस श्रोता दिवस म्हणून साजरा करतात. पत्रांतून ओळख झालेली माणसे तेथे एकमेकांना प्रत्यक्ष भेटतात. अनेक जुन्या श्रोत्यांनी फोनवरच आपले गट जमवले आहेत. कोणी दुर्मिळ तबकडी ऐकवतो, कोणी जुन्या उद्घोषकाची आठवण काढतो. घर गेले तरी बिऱ्हाड मोडले नाही, याचे कौतुकच करायला हवे. परंतु हे नवे घरही परक्याचेच आहे. ते परदेशी कंपन्यांच्या जागेत आहे, आणि त्या कंपन्यांनी उद्या नियम बदलले तर या भाडेकरूंना दाद मागण्यासाठी दारही नाही. केसकरांना निदान लोकसभेत जाब विचारता येत होता.

मग आपण काय करावे? पहिली गोष्ट, नभोवाणीचे कोणतेही केंद्र, वाहिनी अथवा कार्यक्रम-कक्ष बंद करण्यापूर्वी श्रोत्यांना पूर्वसूचना आणि सुनावणी मिळाली पाहिजे, ही मागणी आपण लावून धरावी. वीज दरवाढीवर जनसुनावणी होते. लोकांच्या मालकीची लहर बंद करताना ती का होऊ नये? दुसरी गोष्ट, प्रसार भारतीच्या मूळ कायद्यात श्रोत्यांच्या व प्रेक्षकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रसारण परिषदेची तरतूद आहे. त्या तरतुदीची आठवण आपल्या प्रतिनिधींनी सरकारला वारंवार करून द्यावी आणि जिल्हापातळीवर श्रोत्यांची निर्वाचित मंडळे असावीत असा आग्रह धरावा. तिसरी गोष्ट, आकाशवाणीच्या संग्रहातील ध्वनिमुद्रणे लोकांच्या पैशातून झालेली आहेत. वऱ्हाडी, झाडीबोली, गोंडी या भाषांतील गाणी आणि बोल जेथे जेथे जतन झाले असतील तेथून ते ग्रंथालये, शाळा आणि श्रोता संघांना विनामूल्य मिळावेत.

चौथी गोष्ट आपल्या स्वतःच्या हातातली आहे. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने सुमारे दीडशे गावांत ग्रामीण श्रोता मंडळांचा प्रयोग केला. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि मग काही कृती करायची, अशी ती रीत होती. चर्चेतले प्रश्न केंद्राकडे जात आणि केंद्र त्यांना उत्तर देई. ऐकणाऱ्याला उलट बोलता येणे हाच या प्रयोगाचा प्राण होता. आपल्या वाचनालयांत, युवक मंडळांत, कामगार वस्त्यांत आठवड्यातून एक संध्याकाळ अशी का असू नये? त्या संध्याकाळी लोकांनी एकत्र बसून गाणी ऐकावीत, प्रत्येकाने आपल्या आवडीचे एक आणावे आणि दुसऱ्याचे ऐकून घ्यावे. त्यात शाहिरी असेल, भीमगीत असेल, कव्वाली असेल, चित्रपटगीतही असेल. आपली अभिरुची लोकांवर लादण्याचा केसकरी मोह डाव्या चळवळीलाही अधूनमधून होत असतो. तो टाळण्याचे औषधही यातच आहे.

भाकरीच्या लढ्यापुढे गाण्याचा प्रश्न गौण आहे, असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगायचे, की रात्रपाळीच्या कामगाराला भाकरीबरोबर सोबतही लागते. ही सोबत १९५२ साली मंत्र्याच्या अभिरुचीने हिरावली, २०१९ साली हिशेबनिसाच्या काटकसरीने. दोन्ही वेळी श्रोत्याला कोणी विचारले नाही. आकाश सार्वजनिक आहे, असे न्यायालयाने सांगून तीस वर्षे उलटली. त्या आकाशाखाली राहणाऱ्यांचा सात-बारावर नाव लावण्याचा हक्क अजून मिळायचा आहे, आणि तो मिळवण्याचे काम आपले आहे.